आर्थिक राष्ट्रवाद आणि राजकीय ध्रुवीकरण

देशाच्या बाजारपेठेवर व भांडवलावर आधी स्वकीयांचा हक्क, असे मानणाऱ्या धोरणाला आर्थिक राष्ट्रवाद म्हणतात. आयात शुल्क, कोटा, अनुदाने, निर्यातबंदी ही त्याची नेहमीची हत्यारे. जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्टने १८४१ मध्ये बाल्यावस्थेतील उद्योगांना तात्पुरते संरक्षण द्यावे, असे मांडले. यातला ‘तात्पुरते’ हा शब्दच व्यवहारात टिकला नाही.

शुल्क परदेशी सरकार भरत नाही; माल सोडवून घेणारा आयातदार भरतो आणि जमेल तेवढे ग्राहकाकडून वसूल करतो. अमेरिकेने २०१८ च्या आरंभी आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावले. कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर ते नव्हते, तरी जोडीने विकली जात असल्याने त्यांच्याही किमती चढल्या. प्रत्युत्तराचा फटका भलत्यालाच बसतो: त्याच वर्षी अमेरिकेने चिनी मालावर शुल्क लावल्यावर चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले आणि शेतकऱ्यांचे गिऱ्हाईक ब्राझीलकडे वळले. पुढे अमेरिकेत सत्तांतर झाले, पण चिनी मालावरील बहुतेक शुल्के कायम राहिली. ती उठवणारा नेता विरोधकांच्या हाती आयते कोलीत देतो.

शुल्काच्या दरापेक्षा त्याची अनिश्चितता अधिक घातक ठरते. दर ठाऊक असला तर हिशेब मांडता येतो. कारखान्यातला पैसा सुटायला मात्र दहा-दहा वर्षे लागतात, आणि एका पक्षाचे धोरण दुसरा चार-पाच वर्षांत फिरवणार असेल, तर गुंतवणूकदार थांबून राहतो. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा कौल लागला. त्यानंतर संघाशी व्यापार कोणत्या अटींवर होणार, हे ठरायला २०२० चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात तिथली व्यावसायिक गुंतवणूक जवळपास गोठली होती.

अंदाज बांधणाऱ्यांची अडचण एप्रिल २०२५ मध्ये उघडी पडली. अमेरिकेने २ तारखेला जवळपास सर्व देशांवर शुल्क जाहीर केले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ४ तारखेपर्यंतची धोरणे धरून त्या वर्षीच्या जागतिक वाढीचा अंदाज ३.३ वरून २.८ टक्क्यांवर आणला. ९ तारखेला बहुतेक देशांवरील वाढीव शुल्क ९० दिवस स्थगित झाले, चीनवरचे मात्र वाढले. २२ तारखेला अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे गृहीतकच शिळे झाले होते. असा अहवाल वाचताना आकड्याआधी त्यामागची धोरणांची तारीख पाहावी.

तंटे सोडवणारी यंत्रणाही लुळी आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळात सात सदस्य हवेत, प्रत्येक प्रकरणाला किमान तीन. अमेरिकेने नेमणुका रोखल्याने डिसेंबर २०१९ पासून तेवढेही उरले नाहीत. हरलेला देश अपील दाखल करतो आणि निकाल तिथेच अडकतो.