पाण्याखालचं बोलणं : हिडकलला चाचणी घेण्याआधी

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम, लेथ आणि हायड्रॉलिकची कामं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. एक-दोघांची छोटी पाणबुडी शेडमध्ये बनवायची म्हटली, तर पोलादी सांगाडा, सील, झडपा जमवणारे हात इथे मिळतील. अडतं ते पाण्याखालून वरच्या होडीशी बोलण्यापाशी. वॉकीटॉकी पाण्याखाली लगेच मुका होतो, कारण रेडिओलहरी पाण्यात लवकर विरतात. भरवसा ठेवायचा तो ध्वनीवरच.

हे ज्ञान जुनं आहे. १८२६ साली जिनिव्हा सरोवरात कोलाडॉन आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली घंटा वाजवली आणि त्याच क्षणी वर दारू पेटवली. साडेतेरा किलोमीटरवर पाण्यात कर्णा बुडवून बसलेल्या कोलाडॉननं उजेड आणि आवाज यांच्यातला वेळ मोजला. वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर, हवेतल्या चौपटीहून जास्त. टायटॅनिक बुडाल्यावर संशोधक फेसेंडेन यांच्या ध्वनियंत्रानं १९१४ मध्ये हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला. त्याच यंत्रावरून मोर्सचे संदेशही जात.

माणसाचं बोलणं पोचवणारा ‘गर्ट्रूड’ हा टेलिफोन अमेरिकन नौदलानं १९४५ मध्ये आणला. यात आवाज थेट पाण्यात सोडत नाहीत. तो वरच्या, म्हणजे वाहक, कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) नेऊन सिंगल साइडबँडनं (वाहकाच्या एकाच बाजूचा पट्टा वापरून) पाठवतात आणि पलीकडे पुन्हा खाली आणतात. नौदलांची वाहक कंप्रता ८.०८७५ किलोहर्ट्‌झ. पाणबुड्यांच्या (म्हणजे डुबकी मारणाऱ्यांच्या) अनेक संचांत ती ३२.७६८ असते, क्वार्ट्‌झ घड्याळातला स्फटिक नेमका याच कंप्रतेचा, म्हणून तो स्वस्तात मिळतो.

१० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही अमेरिकन पाणबुडी १२९ माणसांसह बुडाली. वरच्या ‘स्कायलार्क’ जहाजाला तिनं याच टेलिफोनवरून किरकोळ अडचण असल्याचं कळवलं होतं. पुढचे शब्द इतके तुटक आले की ते नक्की काय होते यावर नंतर चौकशीत खल झाला. आवाज पोचणं वेगळं, शब्द कळणं वेगळं, आणि माझ्या मते चाचणी घ्यायची ती शब्द कळण्याची.

इथे आपलं पाणी आडवं येतं. गोड्या पाण्यात समुद्रातलं मॅग्नेशियम सल्फेट नसतं, त्यामुळे ध्वनी कमी शोषला जातो. ऐकायला हे बरं, पण म्हणून प्रतिध्वनीही लवकर मरत नाहीत. विहिरीत किंवा सिमेंटच्या टाकीत संच लावला, की रिकाम्या मंगल कार्यालयातल्या लाउडस्पीकरसारखं एकावर एक शब्द चढतात. तिथे फक्त संच चालू आहे एवढंच कळतं. खरी परीक्षा हिडकलसारख्या मोठ्या जलाशयात, तीही परवानगी काढून. 

वेळही पाहावी. १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या लक्षात आलं, की सकाळी चांगला चालणारा सोनार (ध्वनीनं पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र) दुपारी कमी पडतो. ऊन लागून वरचं पाणी तापतं आणि ध्वनी खालच्या थंड थराकडे वळतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडेही हेच होणार. म्हणून सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा बोलून पाहावं. होडीवरचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग) एकदा पृष्ठभागाजवळ आणि एकदा खोल सोडावा.

बोलायचं काय, तेही आधी ठरवावं. ‘हॅलो हॅलो’ कुणालाही कळतं. ‘सात’ आणि ‘आठ’ मात्र घोटाळतात, कारण ‘स’ची शीळ अरुंद पट्ट्यात कापली जाते आणि मागे ‘आ’ तेवढा उरतो. आकडे उलटसुलट क्रमानं वाचावेत, ऐकणाऱ्यानं ते कागदावर उतरवावेत आणि खोली सांगताना प्रत्येक आकडा दोनदा म्हणावा.