टॅरो : आत्मचिंतनातील उपयोग

टॅरोच्या पत्त्यांवरील चित्रे समोर ठेवून, भविष्य न विचारता, स्वतःच्या मनाचा आणि विशेषतः मनातल्या भीतीचा ठाव घेण्याची पद्धत. संचात ७८ पत्ते असतात : चषक, नाणी, तलवारी व दंड या चार रंगांचे ५६, क्रमवार २१ हुकूम आणि क्रमाबाहेरचा ‘मूर्ख’. ‘मृत्यू’, ‘सैतान’ आणि ‘मनोरा’ हे हुकूम धास्तीचे समजले जातात. या पद्धतीत त्यांनाच आधी हात घातला जातो, आणि तोही बहुधा थट्टेच्या सुरात.

टॅरोचा उगम हा दीर्घ वादाचा विषय आहे. युरोपात पत्ते चौदाव्या शतकात इजिप्तच्या मामलुक राज्यातून आले, असे सामान्यतः मानतात. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहातील मामलुक पत्त्यांवर चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या आहेत. पोलो युरोपात अपरिचित असल्याने काठ्यांचे दंड झाले असावेत. अर्धनारीनटेश्वराच्या हातांतील वस्तूंशी या चिन्हांचा संबंध जोडून भारतीय मूळ सुचवणारे जुने लेखकही आहेत. पण ते साम्य वरवरचे दिसते. चित्रमय हुकमांची भर मात्र उत्तर इटलीत पडली. फ्लॉरेन्समधील १४४० ची आणि फेरारा दरबाराच्या जमाखर्चातील १४४२ ची नोंद या सर्वांत जुन्या ज्ञात नोंदींपैकी होत. त्या वेळी या पत्त्यांना ‘त्रिओंफी’ म्हणत. ‘तारोक्की’ हे नाव सु. १५०५ पासून आढळते.

१७८१ मध्ये आंत्वान कूर द झेबलँ या फ्रेंच विद्वानाने टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ असल्याचे जाहीर केले. इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारा माणूस तेव्हा युरोपात नव्हता (फ्रेंच विद्वान शांपोल्यँ याने ती १८२२ मध्ये उलगडली), त्यामुळे दावा खोडणेही कोणाला शक्य नव्हते. एत्तेय्या या नावाने लिहिणाऱ्या आलिएत याने लगोलग त्यावर भविष्यकथनाची पद्धत उभारली. पुढे एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने १८५० च्या दशकात २१ हुकूम व ‘मूर्ख’ यांची सांगड २२ हिब्रू अक्षरांशी घातली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये हा सारा डोलारा तपासून टॅरो मुळात केवळ खेळ होता, असे दाखवले. बोलोन्या येथील एका हस्तलिखितात ३५ पत्त्यांचे भविष्यसूचक अर्थ दिलेले आहेत. ते १७५० च्या आधीचे मानतात. त्यामुळे भविष्यकथनाचा आरंभ काही दशके मागे जातो. प्रबोधनकाळापर्यंत मात्र पोहोचत नाही.

भविष्य आणि खेळ यांच्या मधल्या एका प्रथेकडे या वादात दुर्लक्ष होते. सोळाव्या शतकात इटलीच्या सुशिक्षित वर्तुळांत एकेका व्यक्तीला एकेक हुकूम ‘बहाल’ करून त्यावर चटकदार कविता रचण्याचा खेळ रूढ होता. त्यास ‘तारोक्की अप्रोप्रियाती’ म्हणत. कोणाच्या वाट्याला ‘प्रेम’ येई, कोणाच्या ‘सैतान’, आणि ज्याची खोड काढली तोही हसण्यात सामील होणे अपेक्षित असे. तेओफिलो फोलेंगो या इटालियन कवीच्या १५२७ च्या एका रचनेत तर वाट्याला आलेल्या पत्त्यांवरून चौघांची सुनीते रचली आहेत. पत्त्यात माणसाचा स्वभाव पाहणे आणि त्यावर हसणे ही प्रथा भविष्यकथनाच्या ज्ञात पुराव्यांहून जुनी आहे. आजच्या आत्मचिंतनाचा पूर्वज शोधायचाच तर तो इजिप्तच्या मंदिरापेक्षा या दिवाणखान्यात सापडण्याचा संभव अधिक. अर्थात सलग परंपरा सिद्ध झालेली नाही.

भयसूचक पत्त्यांबाबतही एक आख्यायिका टिकून आहे. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्त्सा घराण्यासाठी सु. १४५० मध्ये रंगवलेल्या संचातील ७४ पत्ते उरले असून ‘सैतान’ व ‘मनोरा’ गहाळ आहेत. मालकांनी ते भीतीपोटी नष्ट केले असावेत, असे काही सुचवतात. परंतु तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार हे निरुपद्रवी पत्तेही त्याच संचातून हरवले आहेत, आणि ‘मृत्यू’ मात्र शाबूत आहे! साधी हरवाहरव हेच स्पष्टीकरण पुरेसे वाटते. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या मार्सेय प्रकारच्या संचांत १३ क्रमांकाच्या, म्हणजे ‘मृत्यू’च्या, पत्त्यावर नाव छापत नाहीत, तिथे संकोचाचा तर्क अधिक सयुक्तिक ठरतो.

आत्मचिंतनासाठी सर्वाधिक वापरला जाणारा संच डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढला. कल्पना गूढविद्येचे अभ्यासक ए. ई. वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ (१८७८–१९५१) यांची. स्मिथ यांनी साध्या अंकपत्त्यांवरही माणसे आणि प्रसंग रंगवले. सु. १४९१ च्या सोला-बुस्का या इटालियन संचाचा त्यांच्यावर प्रभाव दिसतो. त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. सात चषकांच्या नुसत्या आकृतीवरून मनातले बोलणे अवघड. प्रसंग दिसला की माणूस बोलू लागतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी टॅरोचा उल्लेख मोजक्याच ठिकाणी केला, तरी त्यांची आदिबंधांची (सर्व माणसांच्या मनात आढळणाऱ्या मूळ प्रतिमांची) कल्पना नंतरच्या लेखकांनी मुक्तपणे वापरली. टॅरोवर लिहिणाऱ्या मेरी ग्रीर यांच्या १९८४ च्या पुस्तकाने स्वतःच स्वतःसाठी पत्ते वाचण्याची आणि रोजनिशी ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली.

प्रत्यक्षात एक पत्ता काढतात, छापील अर्थ न पाहता चित्रात काय दिसते ते लिहितात, मग त्यातले आपले काय हे विचारतात. रायडर संचातील तलवारींच्या नव्व्यात अंथरुणात उठून बसलेली, तोंड ओंजळीत लपवलेली व्यक्ती आहे. भिंतीवर नऊ तलवारी. रात्री तीनला जाग येणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. त्या तलवारी तिला लागलेल्या नाहीत आणि गोधडी गुलाबांची आहे, हे मात्र सहसा दुसऱ्यांदा पाहताना ध्यानात येते. ‘सैतान’ या पत्त्यातील जोडप्याच्या गळ्यातल्या साखळ्या सैल आहेत. डोक्यावरून सहज काढता याव्यात इतक्या. ‘मूर्ख’ कड्याच्या टोकाशी आभाळाकडे पाहत चालला आहे, कुत्रे पायाशी उड्या मारते आहे. विनोदी रीतीत अशा चित्राला व्यंगचित्रासारखी ओळ देतात, किंवा सैतानाला आपल्या चिंतेचा आवाज देऊन त्याच्याशी हुज्जत घालतात. मांजरांचे, गृहिणींचे विडंबनपर संचही याच गरजेतून खपतात.

विनोद आणि भीती यांचा संबंध मानसशास्त्रात टॅरोपासून स्वतंत्रपणे मांडला गेला आहे. फ्रॉइड यांनी १९२७ च्या निबंधात विनोद म्हणजे घाबरलेल्या ‘अहं’ला (जाणत्या ‘मी’ला) ‘पराहं’ने (मनातल्या आईबापांसारख्या अधिकारवाणीने) दिलेला वडीलधारा दिलासा, असे म्हटले. मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांक्ल यांच्या उपचारपद्धतीत रुग्णाला ज्याची भीती वाटते तेच हसतहसत इच्छायला सांगतात. स्वतःपासून जरा लांब उभे राहता येणे हा त्यातला गाभा. यांपैकी कोणीही पत्ते वापरले नाहीत, हे येथे नोंदवले पाहिजे.

आक्षेपही दमदार आहेत. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना एकच ढोबळ स्वभाववर्णन ‘तुमचे स्वतंत्र वर्णन’ म्हणून दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पत्ता ‘लागू पडतो’ यातून म्हणूनच काही सिद्ध होत नाही. आत्मचिंतनाचे समर्थक पत्ता निव्वळ योगायोगाने आला हे मान्य करूनच सुरुवात करतात, त्यामुळे हा आक्षेप त्यांना कमी झोंबतो. मनासारखा पत्ता येईपर्यंत पिसत राहण्याची सवय मात्र चिंता वाढवू शकते, आणि तीव्र भयविकारात ही पद्धत उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

मुंबई-पुण्यात टॅरो मुख्यतः भविष्यकथन म्हणूनच परिचित आहे. मराठी वृत्तपत्रांतही तो राशिभविष्याच्या शेजारी छापला जातो. सावंतवाडीची गंजिफा ही चित्रित पत्त्यांची येथील परंपरा वेगळी : दशावतारी संचात दहा रंगांचे १२० गोल पत्ते असतात आणि ते खेळण्यासाठीच आहेत.