बार्लाम आणि जोसाफत

मध्ययुगीन ख्रिस्ती जगातील एक अतिशय लोकप्रिय संतकथा. मुळात ती गौतम बुद्धाची जीवनकथा आहे. जोसाफत म्हणजे बोधिसत्त्व. अरबी लिपीत ‘ब’ आणि ‘य’ यांत केवळ नुक्त्यांचा (अक्षराच्या टिंबांचा) फरक असल्याने बोधिसत्त्वाच्या अरबी रूपाचा, बूदासफचा, यूदासफ झाला आणि पुढे ग्रीक-लॅटिनमधून जोसाफत. कथा अरबीतून जॉर्जियन भाषेत आली आणि तिथे ती ख्रिस्ती झाली. ग्रीक रूपाचे श्रेय पूर्वी दमास्कसच्या संत जॉनला देत. आता बहुतेक अभ्यासक ते ग्रीसमधील एथॉस पर्वतावरील मठवासी युथिमिअस (मृत्यू 1028) याला देतात. 1048 मध्ये ती लॅटिनमध्ये उतरली आणि मग युरोपभर पसरली.

भारतातला राजा अबेन्नेर ख्रिस्ती साधूंचा छळ करतो. मुलगा ख्रिस्ती होईल असे भाकीत ऐकून तो त्याला राजवाड्यात कोंडून ठेवतो. राजपुत्र बाहेर पडतोच आणि त्याला एक व्याधिग्रस्त, एक आंधळा व पुढे एक जराजर्जर म्हातारा भेटतो. इथवर हा सिद्धार्थच. पुढे मात्र दोन धर्मांच्या वाटा फुटतात. सिद्धार्थ आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या गुरूंना सोडून स्वतःच्या प्रयत्नाने बोधी मिळवतो. जोसाफतकडे बार्लाम हा तपस्वी रत्नांच्या व्यापाऱ्याच्या वेशात येतो. ते अमोल रत्न म्हणजे ख्रिस्ताची शिकवण. राजपुत्राला सत्य दुसऱ्याकडून, बाप्तिस्म्याने आणि ईश्वरी कृपेने मिळते. कर्म, पुनर्जन्म, अनात्म हे सारे गळाले. त्यांच्या जागी सृष्टिकर्ता, पाप, तारण आणि अंतिम न्याय आले. टिकला तो संन्यास. भिक्खुसंघ आणि ख्रिस्ती मठ दोन्हीकडे ब्रह्मचर्य व अपरिग्रह असल्याने कथेचा सांगाडा फारसा न मोडता उचलता आला.

बार्लामचे दृष्टान्तही ओळखीचे निघतात. एक माणूस एकशिंग्या प्राण्याच्या भीतीने पळताना दरीत पडतो आणि झाडाला लोंबकळतो. खाली अजगर जबडा वासून आहे, मुळे काळा व पांढरा असे दोन उंदीर कुरतडत आहेत, आणि हा फांदीवरून ठिबकणारा मध चाटण्यात गुंग. महाभारताच्या स्त्रीपर्वात हेच रूपक येते. तिथे प्राणी हत्ती आहे. उंदीर म्हणजे दिवस-रात्र, हा अर्थ दोन्हीकडे तोच.

दोघांना रीतसर संतपद दिल्याची नोंद नाही, तरी रोमन हुतात्मासूचीत (चर्चच्या संत-हुतात्म्यांच्या यादीत) 27 नोव्हेंबर हा त्यांचा दिवस ठरला. 1571 मध्ये व्हेनिसच्या डोजने (तिथल्या प्रमुख शासकाने) पोर्तुगालच्या राजाला जोसाफतचा म्हणून एक अस्थी-अवशेषही भेट दिला. बुद्धाच्या धातूंची (अस्थी-अवशेषांची) पूजा स्तूपांत होतेच. इथे नामांतर झालेल्या बुद्धाची अस्थी चर्चमध्ये पोचली, मग ती कोणाची का असेना.

साम्य आधी टिपणाऱ्यांत गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु होता. वसईकडच्या साष्टी बेटावरील कान्हेरी लेणी पाहताना एका म्हाताऱ्याने त्याला सांगितले, की ही लेणी जोसाफतच्या बापाने मुलाला एकांतात वाढवण्यासाठी खोदवली. बहुधा म्हाताऱ्याने ही कथा मिशनऱ्यांकडूनच ऐकलेली असावी. कोतुला वाटले, बुद्ध म्हणजे जोसाफतच असेल. हे त्याच्या 1612 मध्ये छापलेल्या पाचव्या ‘देकादा’त (इतिहासग्रंथाच्या खंडात) आहे. नाते नेमके उलटे आहे, हे 1859-60 च्या सुमारास लाबुले आणि लीब्रेश्ट या अभ्यासकांनी दाखवले.