सेन्सर घ्यायला येताना जुना सेन्सर बरोबर आणा
(जुन्या पेट्रोल गाड्यांचे मालक आणि गॅरेजवाले यांच्यासाठी)

आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ‘टेम्परेचर सेन्सर द्या’ एवढेच सांगून सेन्सर मागितला, की आम्हाला उलट चार प्रश्न विचारावे लागतात. गाडी गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभी असते. आलेला मुलगा फोनवर मेकॅनिकला विचारतो आणि मेकॅनिक म्हणतो, ‘तोच तो, थर्मोस्टॅटजवळचा.’ शेवटी अंदाजाने एक सेन्सर नेला जातो आणि तासाभरात परत येतो. तोवर कूलंट सांडलेले असते आणि अर्धा दिवस गेलेला असतो.

थर्मोस्टॅटजवळ बहुतेक जुन्या गाड्यांत दोन वस्तू असतात. एका वायरची असते ती फक्त डॅशबोर्डच्या काट्यासाठी. दोन पिनांची असते ती ईसीएमला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिनाचे तापमान कळवते. काही गाड्यांत रेडिएटरला तिसरी असते, ती फॅनचा स्विच. तिन्हींना लोक टेम्परेचर सेन्सरच म्हणतात. काट्यासाठीचा सेंडर बदलून पेट्रोलचा खप कमी होणार नाही, आणि ईसीएमचा सेन्सर बदलून काटा हलणार नाही. म्हणून आमची पहिली विनंती: जुना पार्ट काढला की टाकून देऊ नका, पुसून पिशवीत घालून आणा. तुटलेला असला तरी चालेल.

गाडीचे नाव आणि साल सांगून काम का भागत नाही, तेही सांगतो. 2000 च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (ईसीएमच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणारी पद्धत) आले, पण गाड्यांची नावे तीच राहिली. त्यानंतर प्रदूषणाचे नियमही शहरानुसार वेगवेगळ्या वेळी लागू झाले. भारत स्टेज 3 मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत एप्रिल 2005 पासून आले, देशभर आले ते एप्रिल 2010 मध्ये. त्यामुळे 2007 सालची, पुण्यात विकलेली आणि साताऱ्यात विकलेली एकाच मॉडेलची गाडी वेगळ्या नियमाची असू शकते. सेकंडहँड गाडी कुठून कुठे फिरून आली आहे, हे नावावरून कळत नाही. शिवाय आरसीवर नोंदणीची तारीख वेगळी आणि उत्पादनाचा महिना-साल वेगळे असते. आम्हाला उत्पादनाचे सांगा. वर्षाअखेरीस बनलेली गाडी मार्च-एप्रिलमध्ये नोंदली गेली असेल, तर नोंदणीच्या सालावरून काढलेला पार्ट चुकू शकतो.

सगळ्यात पक्की खूण म्हणजे पार्टवरचा नंबर. बॉश या पार्ट बनवणाऱ्या कंपनीचा नंबर दहा अंकी असतो. त्यांच्या ऑक्सिजन सेन्सरचा (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) 0 258 ने सुरू होतो. मारुतीच्या नंबरात पहिले पाच अंक वस्तूची जात सांगतात, डॅशनंतरची अक्षरे ती नेमकी कोणत्या प्रकारची ते सांगतात. पहिले पाच जुळले म्हणजे पार्ट जुळला असे मुळीच नाही, आणि नेमकी हीच गल्लत होते. नंबर घासून गेला असेल तर कपलरचा (वायरींच्या प्लॅस्टिकच्या जोडाचा) समोरून फोटो काढा, पिना मोजता आल्या पाहिजेत. आटे जुळतात, कपलरही बसतो, पण आतले मूल्य वेगळे, असे सेन्सर भरपूर आहेत. गाडी सुरू होते, म्हणून कोणाला शंका येत नाही, आणि महिनाभर पेट्रोल वाया जाते.

ईसीएमच्या टेम्परेचर सेन्सरचे हे मूल्य मल्टिमीटरवर सहज दिसते. बहुतेक जपानी धाटणीच्या गाड्यांत 20 अंशांला साधारण सव्वादोन ते पावणेतीन हजार ओहम आणि 80 अंशांला तीनशे ओहमच्या आसपास रेझिस्टन्स येतो. गरम असतानाही आकडा वरच राहिला, तर ईसीएम इंजिन थंडच आहे असे धरून पेट्रोल जास्त सोडते. मग प्लग काळे, ॲव्हरेज कमी आणि पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त. जुना सेन्सर आणलात तर गरम पाण्यात धरून आम्ही काउंटरवरच मोजून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. चांगला निघाला तर नवीन घेऊ नका, असे आम्हीच सांगतो.

कारण दुसरी मोठी चूक तीच आहे: स्कॅनरवर (ईसीएममधला बिघाडाचा कोड वाचणाऱ्या यंत्रावर) ज्या सेन्सरचे नाव आले तो सेन्सर बदलून टाकणे. कोड सर्किटचे नाव सांगतो. त्या सर्किटमध्ये वायर, कपलर, अर्थिंग आणि सेन्सर असे सगळे येते. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायर आणि कपलरमध्ये चढलेला हिरवा गंज, या दोन गोष्टी आधी पाहा. मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, कोड आला तर व्हॅक्यूमचा रबरी पाइप दोन्ही टोकांना वाकवून चिरा आहेत का ते बघा. तो पाइप सेन्सरच्या मानाने फारच स्वस्तात मिळतो. मिश्रण पातळ असल्याचा कोड असेल, तर ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पुढच्या जोडणीतून हवा ओढली जाते का ते तपासा.

ऑक्सिजन सेन्सरमध्ये तयार कपलरचाच घ्या, असा आमचा आग्रह असतो. वायरी जोडून बसवायचा ‘युनिव्हर्सल’ स्वस्त पडतो, पण वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. चार वायरींच्या बॉशमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थची. डेन्सो या दुसऱ्या कंपनीच्या सेन्सरमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. म्हणजे रंगाला रंग जोडला, तर काळी-पांढरी या दोन्ही चुकीच्या जागी जातात. जोडायचाच असेल तर क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा), झाळू नका, कारण या सेन्सरला लागणारी बाहेरची हवा बऱ्याचदा वायरींमधूनच आत जाते. टोकाला ग्रीस लावू नका, आणि इंजिनाला भलतेच सिलिकॉन सीलंट वापरू नका. त्याच्या वाफेने नवा सेन्सरही निकामी होतो.

गाडी तापल्यावर बंद पडते आणि वीस मिनिटे थांबल्यावर पुन्हा चालू होते, ही तक्रार असेल तर क्रँक सेन्सरवर (क्रँकशाफ्टचे फिरणे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्या. दोन वायरींचा असेल तर आत साधी कॉइल असते, ती ओहमवर मोजता येते, आणि गरम असतानाच मोजावी. तीन वायरींचा हॉल प्रकारचा (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) असेल तर ओहमवर मोजून काहीही कळत नाही. या एका पार्टमध्ये स्वस्त माल आम्ही ठेवतच नाही, कारण गाडी घाटात बंद पडते ती याच्यामुळे. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला सेन्सर बहुधा बॉश किंवा डेन्सोसारख्यांनीच बनवलेला असतो. तोच त्यांच्या स्वतःच्या डब्यात मिळतो तेव्हा किंमत कमी पडते. दोन्ही आमच्याकडे असतात, शेजारी ठेवून बघा.

आता करंटची बाजू. डेलकोवाल्या (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) गाड्यांत कॅप, रोटर आणि प्लग वायरी एकदमच बदला. नव्या कॅपमध्ये जुना झिजलेला रोटर ठेवला की आतली टोके पुन्हा जळायला लागतात. डेलकोमध्ये पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) असतील तर कंडेन्सरही नवा घ्या. कॉइल मात्र बघूनच. काही जुन्या गाड्यांत कॉइलच्या वाटेवर बॅलास्ट रेझिस्टर असतो. तिथली कॉइल साधारण दीड ओहमची असते, रेझिस्टर नसलेल्या गाडीची तीन ओहमच्या आसपास. दीडची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर सुरुवातीला ठिणगी जोरदार पडते आणि थोड्याच दिवसांत पॉइंट जळतात. तीनची कॉइल रेझिस्टरसकट लावली तर सकाळी सेल्फ मारून बॅटरी बसते.

प्लगमध्ये नंबराचा घोळ फार. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. म्हणून एनजीकेच्या 6 ला बॉशचा 7 जवळचा आहे, आणि एनजीकेच्या 5 ला बॉशचा 8. एमपीएफआय गाडीत नंबरात आर असलेला, म्हणजे रेझिस्टरवालाच प्लग लावा, नाहीतर ठिणगीमुळे होणारा विजेचा अडथळा ईसीएमच्या सिग्नलमध्ये मिसळतो. आट्यांची लांबी जुन्या प्लगला लावून पाहा: 19 मिलिमीटरच्या जागी आखूड बसवला तर हेडच्या उरलेल्या आट्यांत कार्बन बसतो, आणि आखूड आट्यांच्या हेडमध्ये लांब बसवला तर पिस्टनला लागू शकतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते, म्हणून तिथे प्लगच्या टोकांमधला गॅप 0.7 ते 0.8 मिलिमीटर ठेवावा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर चढाला मिसिंग मारणारी गाडी आली, तर आम्ही आधी प्लग आणि वायरीच बघायला सांगतो.

वायरी तपासायला यंत्र लागत नाही. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. करंट गळत असेल तर निळी ठिणगी दिसते. हात लांब ठेवा.

नवा वॉशरवाला 14 मिलिमीटरचा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, त्यापुढे नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर प्लगच्या कितीतरी पट खर्च येतो. इंजिन थंड असतानाच काढा-घाला.

परतीबद्दल नेहमी विचारले जाते. सेन्सर, कॉइल, इग्निशन मॉड्यूल एकदा गाडीला लावले की आम्ही परत घेत नाही. उलट्या वायरीने किंवा शॉर्टने आतून गेलेला सेन्सर बाहेरून नवाच दिसतो, आणि तो आम्ही पुढच्या ग्राहकाला देऊ शकत नाही. सीलबंद डबा मात्र सात दिवसांत बिलासह बदलून देतो. बाहेरगावच्या ग्राहकांनी एसटीचे तिकीट काढण्याआधी तीन फोटो पाठवावेत: पार्टवरचा नंबर, समोरून कपलर, आणि आरसीवरचा फक्त उत्पादनाचा महिना-साल. पार्ट शिल्लक आहे का आणि काय पडेल ते त्याच दिवशी कळवतो. नसला तर तसे सांगतो, ‘हा पण चालेल’ म्हणून दुसरा देत नाही.