निरोप कोणाला द्यायचा: ‘कंट्रोलर’ला की ‘ॲक्टिव्ह’ला?

साध्या वेब वर्करशी (पानामागे वेगळी चालणारी स्क्रिप्ट) पोस्टमेसेजने, म्हणजे निरोप धाडून, बोलता येणारे लोक सर्व्हिस वर्करकडे (पान आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसून विनंत्या हाताळणारी स्क्रिप्ट) आले की हमखास एकाच जागी अडतात. नेव्हिगेटर डॉट सर्व्हिसवर्कर डॉट रेडीची वाट बघायची आणि पुढच्याच ओळीत कंट्रोलर डॉट पोस्टमेसेज लिहून मोकळं व्हायचं. लिहिणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये वर्कर आधीच बसलेला, म्हणून तिथे सगळं सुरळीत. साइट पहिल्यांदाच उघडणाऱ्याच्या कन्सोलमध्ये मात्र टाइपएरर, कारण कंट्रोलर नल, म्हणजे रिकामा.

ॲक्टिव्ह म्हणजे साइटच्या रजिस्ट्रेशनचा (ब्राउझरमधल्या वर्करच्या नोंदणीचा) कामावर रुजू झालेला वर्कर. कंट्रोलर म्हणजे समोर उघडलेल्या याच पानाच्या विनंत्या ज्याच्या हातून जातात तो. रेडी पहिल्याची खात्री देतं, दुसऱ्याची देत नाही. पान लोड होताना वर्कर नसेल, तर तो मागाहून ॲक्टिव्ह झाला तरी एरवी पुढच्या लोडपर्यंत ते पान त्याच्या ताब्यात येत नाही. शिफ्ट धरून रीलोड केलं तरी तेच: ॲक्टिव्ह जागेवर, कंट्रोलर नल.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे वर्कर रुजू होतानाच्या ॲक्टिव्हेट इव्हेंटमध्ये क्लायंट्स डॉट क्लेम, म्हणजे उघडी पानं लगेच ताब्यात घेणं. मला तो मुळीच पटत नाही. एका निरोपासाठी चालू पानाचा ताबा घ्यायचा, म्हणजे काही फाइल्स थेट नेटवर्कवरून आलेल्या आणि उरलेल्या वर्करच्या कॅशमधून. शिवाय शिफ्ट-रीलोडला ॲक्टिव्हेट इव्हेंट पुन्हा येत नाही, त्यामुळे तिथे याचा उपयोगही नाही. रेडीतून हाती आलेल्या रजिस्ट्रेशनच्या ॲक्टिव्हलाच पोस्टमेसेज करा. वर्करने उत्तर इव्हेंट डॉट सोर्सला, म्हणजे निरोप धाडणाऱ्या पानाला, द्यावं. उघड्या पानांची यादी देणाऱ्या क्लायंट्स डॉट मॅचऑलने शोधायला गेलात, तर इन्क्लूडअनकंट्रोल्ड हा पर्याय दिल्याशिवाय असं ताब्यात नसलेलं पान यादीत येणारच नाही.

‘स्किपवेटिंग कर’, म्हणजे न थांबता रुजू हो, हा निरोप मात्र रजिस्ट्रेशनच्या वेटिंगला, म्हणजे रुजू व्हायची वाट बघणाऱ्या नव्या वर्करला, द्यायचा. कंट्रोलरला दिलात तर तो जुन्या वर्करला मिळतो आणि नवा ताटकळतच राहतो.

बाकी किरकोळ. पानावरचा लिसनर (निरोप ऐकणारा कोड) नेव्हिगेटर डॉट सर्व्हिसवर्करवर लावायचा, वर्करच्या ऑब्जेक्टवर नाही. पोस्टमेसेज झोपलेल्या वर्करला उठवतो, ब्रॉडकास्टचॅनल (एकाच साइटच्या पानांना आणि वर्करना एकदम निरोप देणारी सोय) उठवत नाही.

मग कंट्रोलर हवा कशाला? नवा वर्कर इन्स्टॉल झाला त्या क्षणी कंट्रोलर असेल, तर ते अपडेट आहे. नल असेल, तर बहुधा पहिलीच स्थापना. ‘नवी आवृत्ती आली आहे’ ही पट्टी दाखवण्याआधी एवढं तपासा, नाहीतर साइटवर प्रथमच आलेल्यालाही ती दिसते.