तंत्रिका-स्नायू संधी

प्रेरक (स्नायूला हालचालीची आज्ञा नेणाऱ्या) तंत्रिकेचा आवेग म्हणजे विद्युत संदेश कंकाल (हाडांना जोडलेल्या, ऐच्छिक) स्नायूपर्यंत पोहोचविणारी जागा. तंत्रिकाग्र व स्नायुतंतू यांच्यात सु. ५० नॅनोमीटर रुंदीची फट असते. आवेग आला की तंत्रिकाग्रात कॅल्शियम शिरते, पुटिकांतील (सूक्ष्म पिशव्यांतील) ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन फटीत सुटते व स्नायुपटलावरील ग्राहींना (ते पकडणाऱ्या प्रथिनांना) बांधले जाऊन तेथे नवा आवेग निर्माण करते.

हे संक्रमण विद्युत की रासायनिक, हा वाद दीर्घकाळ चालला. रासायनिक मताचे श्रेय सामान्यतः ओटो लोवी यांच्या १९२१ च्या प्रयोगाला देतात. पण तो बेडकाच्या हृदयावरील होता, ऐच्छिक स्नायूचा निर्णय त्यातून होत नाही. तो पुरावा डेल, फेल्डबर्ग व फोग्ट यांच्या १९३६ च्या कामात मिळतो व तेच अधिक निर्णायक मानणे योग्य. मेरुरज्जूबाबत शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन एक्लिस मात्र १९५१ पर्यंत विद्युतपक्षीच होते. ॲसिटिलकोलीन ठरावीक मापाच्या पुड्यांनी सुटते, हे कॅट्झ व सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात दाखविले.

पुढे आवेग आडव्या नलिकांतून तंतूत खोल उतरतो. तेथील विद्युतदाब ओळखणारे प्रथिन शेजारच्या कॅल्शियम-कोठाराचे द्वार उघडते. हृदयस्नायूत त्यासाठी बाहेरचे कॅल्शियम आत यावेच लागते. कंकाल स्नायूत लागत नाही, म्हणून दोन्हींतील आवेग व आकुंचन यांची जोडणी वेगळी समजतात. सुटलेले कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला बांधले जाते, ॲक्टिनच्या बारीक तंतुकांवरील जागा मोकळ्या होतात आणि मायोसिनच्या जाड तंतुकांची डोकी तेथे चिकटून ॲक्टिनला खेचतात. तंतुकांच्या सरकण्याची ही कल्पना १९५४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली.

विदर्भात या संधीची गाठ विषबाधेमुळे पडते. नागपूरच्या मेडिकल व मेयो या सरकारी रुग्णालयांत आसपासच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. नागाचे विष मुख्यतः ग्राही अडविते. मण्याराचे विष तंत्रिकाग्रच निकामी करते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दंश दुखतही नाही आणि पहाटे पापण्या उचलत नाहीत. ॲसिटिलकोलीन मोडू न देणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग नागदंशात होतो, मण्यारदंशात फारसा नाही. तेथे प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वसनावर भिस्त ठेवावी लागते. कपाशीवर पूर्वी फवारले जाणारे मोनोक्रोटोफॉससारखे ऑर्गॅनोफॉस्फेट (फॉस्फरसयुक्त कीटकनाशक) उलटे काम करते: ॲसिटिलकोलीन मोडणारे विकर (एन्झाइम) बंद पडते, स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. मात्र तेथे एकाहून अधिक कीटकनाशके वापरात होती, त्यामुळे सर्व मृत्यू याच यंत्रणेच्या माथी मारता येत नाहीत.