पाठीवरचं बाळ: आफ्रिकेतल्या बालसंगोपनाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

आफ्रिकेतल्या गरीब घरांत तान्ही मुलं कशी सांभाळली जातात, हा विषय निघाला की चर्चा लगेच कुपोषण आणि आईच्या अज्ञानावर येते. गेल्या सत्तर वर्षांत झालेला अभ्यास मात्र वेगळं सांगतो.

१९५४ साली मेरी एन्सवर्थ ही मानसशास्त्रज्ञ युगांडात गेली. कंपालाजवळच्या गावांतल्या गांडा समाजाच्या २६ कुटुंबांत ती दर पंधरवड्याला जाऊन दोन-दोन तास बसायची. रांगणारं मूल आईपासून थोडं लांब जातं, पुन्हा वळून तिच्याकडे येतं. बाहेर गेलेली आई परतली की टाळ्या वाजवतं, हे तिने टिपून ठेवलं. मायलेकरांच्या बंधाचा जो सिद्धांत पुढे जगभर शिकवला गेला, त्याचा पाया या घरांत घातला गेला. पाठ्यपुस्तकं नंतरच्या अमेरिकेतल्या प्रयोगांनाच जास्त जागा देतात, हे खटकतं.

केनियाच्या नैर्ऋत्येला गुसी लोकांची वस्ती आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हाइन तिथे पन्नाशीच्या दशकात गेले आणि सत्तरच्या दशकात सहकाऱ्यांसह पुन्हा. गुसी आई तान्ह्याशी फार बोलत नसे, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून खेळवत नसे. पाश्चात्त्य पाहुण्याला हे कोरडं वाटावं. पण बाळ रात्री तिच्याच कुशीत असे, दिवसा कुणाच्या तरी पाठीवर, आणि रडू लागताच क्षणात छातीशी. आई शेतात गेली की सहा-सात वर्षांची बहीण त्याला सांभाळी. अमेरिकन आयांची चित्रफीत दाखवली, तेव्हा रडणारं मूल इतका वेळ तसंच कसं ठेवतात, याने गुसी बायका अस्वस्थ झाल्या.

लेव्हाइन यांनी याचा अर्थ असा लावला: जिथे बरीच मुलं पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात, तिथे आईचं सगळं लक्ष आधी मूल जगवण्याकडे जातं. सतत जवळ ठेवणं, मागेल तेव्हा पाजणं, रडू न देणं ही त्यासाठीच रुळलेली रीत. बोलणं-शिकवणं नंतर, आणि तेही बरचसं भावंडांकडून. मला हे पटतं. मात्र सगळ्याच गोष्टी रीतीच्या खात्यावर टाकल्या की गरिबीचा जाच नजरेआड होतो.

तो जाच दक्षिण आफ्रिकेत उघडा दिसतो. वर्णभेदी राजवटीत पुरुष खाणींत आणि शहरांत कामाला, तर बायका-मुलं गावाकडे, अशी घरं तोडली गेली. ऐंशीच्या दशकात केप टाउनबाहेर खायेलित्शा ही वस्ती उभी राहिली. १९९९ मध्ये छापून आलेल्या पाहणीत तिथल्या साधारण एक-तृतीयांश आया बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी नैराश्यात असल्याचं आढळलं. तरीही दीड वर्षांच्या मुलांत आईशी सुरक्षित बंध असलेल्यांचं, म्हणजे घाबरल्यावर भरवशाने आईकडे जाणाऱ्या आणि तिच्याजवळ शांत होणाऱ्यांचं, प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे श्रीमंत देशांच्या जवळपास.

पुढे तिथेच ४४९ गरोदर बायकांना घेऊन एक प्रयोग झाला. वस्तीतल्याच बायका प्रशिक्षण घेऊन घरी भेटी देत: गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. २००९ मध्ये निष्कर्ष आले. भेटी मिळालेल्या घरांत सुरक्षित बंधाचं प्रमाण ७४ टक्के होतं, इतरांत ६३. सहाव्या महिन्यात आयांचं मन थोडं हलकं झालेलं दिसलं. पण निदान होण्याइतकं नैराश्य असलेल्यांची संख्या फारशी घटली नाही.